प्रचाराचे ईमेल फुटले म्हणजे निवडणूक फुटली का?

ओसरी

अमेरिकेत निवडणुकीचे वारे वाहू लागले की एक भीती हमखास डोके वर काढते. पुन्हा कुणी ईमेल हॅक केले तर? मग आम्ही मत देऊन उपयोग काय? ही भीती निराधार नाही. पण नेमके कोणते ईमेल आणि त्याने नेमके काय बिघडते, असे विचारले की बोलणे अडखळते. म्हणून हा धागा.

२०१६ मध्ये ईमेलची तीन प्रकरणे एकाच वेळी चालू होती. पहिले हिलरी क्लिंटन यांच्या परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळातील खाजगी सर्व्हरचे. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी ५ जुलैला खटल्याची शिफारस करत नसल्याचे सांगितले, २८ ऑक्टोबरला नव्याने सापडलेल्या ईमेलबद्दल काँग्रेसला पत्र लिहिले आणि ६ नोव्हेंबरला जुना निष्कर्ष कायम ठेवला. ते ईमेल सरकारनेच माहिती कायद्याखाली टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केले होते. चोरून बाहेर काढलेले त्यात काही नव्हते.

दुसरे प्रकरण डेमोक्रॅटिक नॅशनल कमिटीचे, म्हणजे डीएनसीचे. ही क्लिंटन यांच्या पक्षाची राष्ट्रीय समिती. तिचे सुमारे २०,००० ईमेल फुटलेले कागद प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सने २२ जुलैला टाकले. फिलाडेल्फियातील अधिवेशन २५ तारखेला सुरू होणार होते. २४ ला अध्यक्ष डेबी वासरमन शुल्ट्झ यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. तिसरे क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखाचे, जॉन पोडेस्टा यांच्या वैयक्तिक जीमेल खात्याचे. ते ७ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर या काळात ३३ हप्त्यांत आले, एकूण ५०,००० हून अधिक कागद. मतदान ८ नोव्हेंबरला होते.

हॅकिंग फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणात आहे. पण रोज बातम्यांत 'क्लिंटन यांचे ईमेल' एवढेच ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिन्हींचे एकच गाठोडे झाले. माझ्या मते खरे नुकसान इथेच झाले. चोरीच्या कागदांत काय निघाले त्यापेक्षा 'ईमेल' हा शब्द महिनोन् महिने एका उमेदवाराच्या नावाला चिकटून राहिला, हे मोठे.

आणखी एक गल्लत. पक्षाची मेलपेटी, राज्याची मतदार यादी आणि मतमोजणी ही तीन वेगळी घरे आहेत, त्यांची कुलुपे वेगळी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणीच्या संकेतस्थळातून डेटाबेसमध्ये शिरकाव झाला. रशियन अधिकाऱ्यांवरच्या २०१८ च्या आरोपपत्रानुसार सुमारे ५ लाख मतदारांची माहिती चोरली गेली. म्हणजे दुसऱ्या घराचे दारही उघडले गेले होते. पण एखादे मत बदलल्याचा पुरावा सिनेटच्या गुप्तवार्ता समितीला सापडला नाही.

तांत्रिक बाजू जाणणाऱ्यांनी भर घालावी.

किल्लीवाला

पोडेस्टा यांच्या खात्यात शिरायला कुठलेही अचाट तंत्र लागले नाही, त्यामुळे पायऱ्या नीट पाहण्यासारख्या आहेत.

१९ मार्च २०१६ ला त्यांना गूगलच्या नावाने इशारा आला. तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळला आहे, युक्रेनमधून प्रवेशाचा प्रयत्न झाला, ताबडतोब बदला. खाली निळे बटण. बटणामागे बिटलीने आखूड केलेली लिंक, त्यामुळे खरा पत्ता दिसत नव्हता. तो उघडल्यावर सुरुवातीला 'मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम' दिसायचे, मग एक आडवी रेघ, पुढे काही शब्द आणि शेवटी 'डॉट टीके'. ब्राउझर डोमेन ओळखतो तो पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच डावीकडचा भाग. तिथे गूगल नव्हतेच. पत्त्यातच त्या माणसाचा ईमेल, नाव आणि छायाचित्राचा दुवा सांकेतिक रूपात भरलेला होता, म्हणून बनावट पान उघडताच ते आपलेच वाटावे.

कार्यालयात शंका आली आणि मेल तंत्र-मदतनीसाकडे गेलाही. त्याने उत्तरात गूगलचा खरा पत्ता दिला, दुहेरी पडताळणी सुरू करायला सांगितले. पण मेल 'खरा आहे' असे लिहून बसला. 'खोटा' लिहायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. मूळ मेलमधलेच बटण दाबले गेले. संशयास्पद मेलवर सल्ला देताना 'खरा-खोटा' हे विशेषण वापरूच नये. 'मेलमधले काहीही दाबू नका, ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा' ही कृती लिहावी. एखादे अक्षर चुकले तरी कृतीचा अर्थ उलटत नाही.

डीएनसीचा मार्ग वेगळा. आधी काँग्रेसच्या प्रचारासाठीच्या भगिनी समितीतील, डीसीसीसीतील, एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड मिळवला. १२ एप्रिलला तिथे प्रवेश केला, 'एक्स-एजंट' हे मालवेअर बसवले. ते कळ दाबल्याची नोंद आणि पडद्याची छायाचित्रे बाहेर पाठवते. त्या समितीतील एका व्यक्तीला डीएनसीच्या नेटवर्कचीही परवानगी होती. तिची कळफलकावरची टंकलेली अक्षरे मिळाली आणि १८ एप्रिलला पुढचे दार उघडले. जूनपर्यंत डीएनसीचे सुमारे ३३ संगणक हातात होते. मेल बाहेर गेले २५ मे ते १ जूनच्या दरम्यान, ईमेलच्या एक्सचेंज सर्व्हरवरून. हा तपशील १३ जुलै २०१८ च्या आरोपपत्रात आहे. त्यात रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेचे, जीआरयूचे, १२ अधिकारी आरोपी आहेत. चोरीचे मुख्य काम युनिट २६१६५ चे, तर प्रसिद्धीच्या कामात युनिट ७४४५५ चा हात.

विसरू नये असे एक: रशियाच्याच दुसऱ्या एका गटाचा वावर डीएनसीत २०१५ पासून होता, आणि एफबीआयने सप्टेंबर २०१५ मध्ये फोन केला होता. तो मदतकक्षाकडे वळवला गेला आणि तिथेच विरला. इशारा कोणाकडे पोचला पाहिजे हे आधी लिहून ठेवले नसेल तर असेच होते.

निरंजना

दोन प्रश्न. मोबाइलवर येणारा सहा आकडी कोड चालू असता तर हे टळले असते का? आणि आता प्रचारयंत्रणा काय वेगळे करतात?

किल्लीवाला

त्या वेळच्या हल्ल्यापुरते बोलायचे तर बहुधा टळले असते. पण कोडला ढाल समजू नये. आजची बनावट पाने मधे बसून तुमचा कोड त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकतात. कोड कुठे टाकला जातोय हे कोडला कळत नाही.

यूएसबीची किंवा मोबाइलला टेकवायची सुरक्षा किल्ली ('सिक्युरिटी की') वेगळी चालते. ती प्रवेशासाठी डिजिटल सही करते आणि ब्राउझरने सांगितलेले डोमेनही त्यात गोवते. 'डॉट टीके' च्या पानाला मिळालेली सही गूगलकडे चालतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. प्रत्येकाला दोन किल्ल्या द्याव्या, एक खिशात आणि एक कुलपात, आणि दोन्ही पहिल्याच दिवशी नोंदवाव्या. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे किल्ली नोंदवूनही एसएमएसचा पर्याय चालूच ठेवणे. चोर मग 'दुसरा मार्ग वापरा' वर जातो. गूगलचे ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन ऑक्टोबर २०१७ पासून आहे आणि ते असे कमकुवत पर्याय बंद करते.

उरलेली भोके:

वैयक्तिक खाती. पोडेस्टा यांचे खाते प्रचाराचे नव्हतेच, खाजगी होते. जोडीदार, खाजगी सचिव, माजी सल्लागार यांची खातीही यादीत घ्यावी. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले की इराणी गटाने जूनमध्ये एका माजी वरिष्ठ सल्लागाराचे खाते आधी काबीज केले आणि त्या खात्यावरून प्रचारातील मोठ्या अधिकाऱ्याला फसवा मेल पाठवला. अशा वेळी मेल सांगितलेल्या डोमेनवरूनच आला का हे तपासणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही हिरवे दिवे दाखवतात, कारण मेल खऱ्या खात्यातूनच आलेला असतो. डीमार्कचे धोरण 'रिजेक्ट' वर ठेवलेच पाहिजे, पण ते फक्त तुमच्या डोमेनचे सोंग घेणाऱ्याला अडवते.

परवानग्या आणि फॉरवर्डिंग. पासवर्ड न मागता 'या ॲपला तुमचे मेल वाचू द्या' अशी संमती मागणारे फसवे ॲप जीआरयूच्या या गटाने वापरले आहे. म्हणून पासवर्ड बदलून थांबू नये. जोडलेली ॲप्स, फॉरवर्डचे नियम, फिल्टर, पर्यायी ईमेल आणि फोन, चालू असलेली सत्रे हे सगळे त्याच बैठकीत तपासावे. एक फॉरवर्ड नियम राहिला तर चोर खात्यात न येताही मेल वाचत राहतो.

आणि साठवण. वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार एकाच पेटीत असेल तर एका दाबाने सगळा जातो. कायद्याने ठेवायचे ते आर्थिक कागद वेगळ्या ठिकाणी न्यावे, बाकीचे मेल ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसले जावेत आणि रोजची चर्चा संदेश पुसणाऱ्या सिग्नलसारख्या ॲपवर करावी. सगळ्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित.

पैशाचाही अडसर होता. कंपनीने प्रचाराला फुकट सुरक्षा दिली तर ती वस्तुरूप देणगी ठरू शकते, आणि कंपन्यांना उमेदवारांना देणगी द्यायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. संघीय निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये 'डिफेंडिंग डिजिटल कॅम्पेन्स' या ना-नफा संस्थेला दोन्ही पक्षांच्या पात्र उमेदवारांना अशी मदत द्यायची मुभा दिली, तेव्हा लहान प्रचारांनाही वाट मोकळी झाली.

दूरदेशी

हे सगळे पटले, तरी मतदाराचा मूळ प्रश्न तसाच आहे. या चोरीने निकाल बदलला का?

२०१६ मध्ये क्लिंटन ज्या तीन राज्यांत थोडक्यात हरल्या, त्यांपैकी मिशिगनमधील फरक १०,७०४ मतांचा, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८, पेनसिल्व्हेनियात ४४,२९२. तिन्ही मिळून ७७,७४४. दुसरीकडे देशभरात क्लिंटन यांना सुमारे २८.७ लाख मते जास्त होती, पण अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निकालांवर. इतक्या कमी फरकाने तीन राज्ये गेल्यावर ३३ हप्त्यांचा परिणाम शून्य म्हणणे मला मान्य नाही.

ओसरी

शून्य मीही म्हणत नाही. पण ७७,७४४ हा आकडा जितका तुमच्या बाजूने बोलतो तितकाच तो इतर प्रत्येक कारणाच्या बाजूने बोलतो. कोमींचे पत्र, शेवटच्या आठवड्यांत उमेदवार कुठल्या राज्यात गेले आणि कुठल्या नाही, तिसऱ्या पक्षांची मते, घरी बसलेले मतदार. फरक इतका बारीक असला की कुठलेही एक कारण 'निर्णायक' ठरवता येते, आणि म्हणूनच कुठलेही सिद्ध करता येत नाही.

मोजायला लागणारी तुलनाच हाताशी नाही. ७ ऑक्टोबरचा दिवस घ्या. दुपारी रशियाला जबाबदार धरणारे सरकारी निवेदन आले, मग ट्रम्प स्त्रियांबद्दल अश्लील बोलत असल्याची ध्वनिचित्रफीत बाहेर आली आणि तासाभरात पोडेस्टा यांचे पहिले ईमेल. त्यानंतर जनमत हलले तर कशामुळे, हे कोणते सर्वेक्षण वेगळे करणार? ६ जानेवारी २०१७ च्या गुप्तचर अहवालानेही निकालावरील परिणामाचे मूल्यमापन आपण केलेले नाही, असे स्पष्ट लिहिले. हेतू आणि कृती सिद्ध आहे. परिणामाचे माप नाही. मतदाराला हे दोन्ही एका दमात सांगायला हवे. अर्धे सांगितले की एक बाजू म्हणते निवडणूक चोरली, दुसरी म्हणते काहीच घडले नाही.

दूरदेशी

माप नाही, हे मान्य. पण मग त्रास देणारी गोष्ट उरते ती ही, की मोजणीतली चूक फेरमोजणीने सुधारता येते, मतदाराने वाचलेले मात्र परत घेता येत नाही. भीती आहे ती त्याची.

तळटीप

म्हणूनच फुटलेला ईमेल वाचायचा कसा हे शिकणे गरजेचे. आधी तो अस्सल आहे का, मग अर्धवट आहे का, असे दोन वेगळे प्रश्न विचारावे.

अस्सलपणासाठी डीकेआयएम उपयोगी पडते. पाठवणारा सर्व्हर मेलच्या माथ्यावर सही टाकतो. त्यात डोमेन, किल्लीचे नाव, मजकुराचा हॅश (मजकुरातून गणिताने काढलेला ठसा) आणि प्रत्यक्ष सही असते. त्या डोमेनची सार्वजनिक किल्ली डीएनएसमधून (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीतून) घेऊन कोणीही ताडून पाहू शकतो. त्यासाठी मूळ कच्ची फाइल हवी. पडद्याचे छायाचित्र किंवा पीडीएफ असेल तर काही तपासता येत नाही. पोडेस्टा संग्रहातील बऱ्याच मेलवरच्या सह्या अशा जुळल्या, त्यामुळे 'सगळे बनावट' हा बचाव टिकला नाही.

पण सही जुळली म्हणजे एवढेच कळते की सही केलेला भाग त्या सर्व्हरमधून निघाल्यावर बदललेला नाही. आत लिहिलेले सत्य आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही. उलट सही जुळली नाही म्हणजे मेल बनावट असेही नाही. मेलिंग लिस्टने तळाला ओळ जोडली, एखाद्या प्रोग्रामने फाइल पुन्हा जतन करताना ओळी मोडल्या, किंवा जुनी सार्वजनिक किल्ली डीएनएसवरून काढली, तरी जुळणी फसते. ज्या मेलवर सहीच नव्हती त्यांबद्दल तर काहीच बोलता येत नाही, आणि खोटा कागद मिसळायचा असेल तर तो तिथेच मिसळला जाईल. हे कल्पनेतले नाही. पत्रकार डेव्हिड सॅटर यांचे चोरलेले ईमेल प्रसिद्ध होताना त्यांतील एका कागदात फेरफार केलेला होता, असे टोरांटोच्या सिटिझन लॅबने २०१७ मध्ये मूळ प्रतीशी ताडून दाखवले.

अर्धवटपणा त्याहून फसवा. एका माणसाची पेटी फुटली की त्याच्या विरोधकाची पेटी बंदच असते. मग वाटते, कारस्थाने याच बाजूला चालतात. निवडलेल्या सुट्या ओळींतून काय उभे राहते याचे सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे पोडेस्टा यांच्या मेलमधील जेवणाच्या साध्या शब्दांना सांकेतिक अर्थ चिकटवून रचलेली, एका रेस्टॉरंटमध्ये मुलांची तस्करी चालते अशी कथा. ४ डिसेंबर २०१६ ला एक माणूस ती खरी मानून वॉशिंग्टनमधील त्या पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये बंदूक घेऊन शिरला आणि गोळ्या झाडल्या. मेल अस्सल होते. अर्थ बनावट होता.

निरंजना

यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा वाटतो. फ्रान्समध्ये २०१७ ला मॅक्रों यांच्या गटाचे सुमारे ९ जीबी चोरलेले साहित्य ५ मेच्या रात्री आले आणि मतदान ७ मेला होते. तिथे शेवटच्या ४४ तासांत प्रचाराला कायद्याने बंदी असते, निवडणूक आयोगाने माध्यमांना प्रसिद्धी न देण्याची विनंती केली आणि बहुतेकांनी ती पाळली. अमेरिकेत असा कायदा शक्य नाही ना?

तळटीप

माध्यमांना स्वातंत्र्य देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीपुढे टिकणार नाही. तिथे संपादकांच्या विवेकावरच सोडावे लागते, आणि तो २०२४ मध्ये वेगळा दिसला. ट्रम्प प्रचारातून चोरलेले कागद 'रॉबर्ट' या टोपणनावाने पॉलिटिको, न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्टकडे गेले. त्यांत उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पूर्वतपासणीचा २७१ पानी अहवाल होता. तिघांनीही कागद न छापता चोरी झाल्याची बातमी दिली. सप्टेंबरअखेर एका स्वतंत्र पत्रकाराने तो अहवाल प्रसिद्ध केलाच. तोवर तो कुठून आला हे वाचकाला माहीत होते, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबरला, इराणच्या रिव्होल्यूशनरी गार्डशी संबंधित तिघांवरचे आरोपपत्र जाहीर झाले.

२०१६ ला छापले आणि २०२४ ला नाही, म्हणजे पक्षपात, असा आक्षेप येतो. तो झटकून टाकण्यासारखा नाही. नियम आधी जाहीर केलेला असावा: कागदात सार्वजनिक हिताचे काय आहे, कोणी चोरले, त्याला काय हवे आहे, आणि हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात.

शाईपट्टी

मोजणीच्या बाजूबद्दल लिहितो, कारण घाबरलेल्या मतदाराला ठोस उत्तर मिळते ते तिथेच.

पहिला प्रश्न एकच: मतदाराने स्वतः पाहिलेला कागद उरतो का? २०१६ मध्ये जॉर्जियात सगळीकडे आणि पेनसिल्व्हेनियात बहुतेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) कागदाविना यंत्रे होती. अशा ठिकाणी फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा छापणे. २०२० पर्यंत दोन्ही राज्यांनी कागद आणला, म्हणून तर जॉर्जियात सुमारे ५० लाख मते हाताने मोजता आली. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ लाच फेरमोजणी झाली, ट्रम्प यांची आघाडी १३१ ने वाढली. ३० लाखांच्या आसपास मतांत एवढाच निव्वळ फरक.

सगळे मोजायची गरजही नसते. जोखीम-मर्यादित पडताळणीत यादृच्छिक मतपत्रिका काढून यंत्राच्या नोंदीशी ताडतात. जोखमीची मर्यादा ५ टक्के म्हणजे निकाल खरोखर चुकीचा असेल तर तो पडताळणीतून निसटायची शक्यता जास्तीत जास्त ५ टक्के. आघाडी २ टक्के असेल आणि प्रत्येक कागद त्याच्याच नोंदीशी जुळवता येत असेल, तर एकही विसंगती न सापडल्यास ३११ च्या आसपास मतपत्रिका पुरतात. नोंद नसेल आणि नुसते कागद काढून मोजायचे असतील तर त्याच आघाडीला सरासरी १५,००० लागतात. म्हणून मतपत्रिका स्कॅनरमध्ये ज्या क्रमाने गेल्या तो क्रम जपणे, गठ्ठ्यांवर अनुक्रमांक घालणे ही कंटाळवाणी कामे निर्णायक ठरतात. कोलोरॅडोने नोव्हेंबर २०१७ मध्ये हे राज्यभर पहिल्यांदा केले. नमुना कोणता निघणार हे आधी कोणाला कळू नये म्हणून तिथे लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून २० आकडी बीज (ज्यावरून नमुना ठरतो तो आकडा) काढतात.

बिघडते कुठे? गठ्ठ्यांच्या यादीत ५० लिहिलेले आणि पेटीत ४९ निघाले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि नसलेल्या विसंगती दिसू लागतात. म्हणून यंत्राच्या आकड्यावर विसंबून यादी करू नये, पेट्यांची मोजदाद स्वतंत्र हवी.

निरंजना

आणि मतदार यादीत गडबड झाली तर सामान्य माणसाने काय करायचे?

शाईपट्टी

नोंदणीची मुदत संपण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर आपले नाव, पत्ता आणि मतदान केंद्र पाहावे. व्होट डॉट गव्ह वरून आपल्या राज्याच्या पानावर जाता येते. ईमेलमध्ये आलेल्या 'नोंदणी तपासा' लिंकवरून जाऊ नये, ती वर सांगितलेलीच बनावट लिंकची फसवणूक (फिशिंग) असू शकते. मुदत राज्यागणिक वेगळी, पण संघीय निवडणुकीसाठी मतदानाआधी ३० दिवसांपेक्षा लांबची ठेवता येत नाही. पाहिलेल्या पानाची तारखेसह प्रत काढून ठेवावी.

केंद्रावर नाव सापडले नाही तर परत फिरू नये. २००२ च्या हेल्प अमेरिका व्होट कायद्याने बहुतेक राज्यांत तात्पुरती मतपत्रिका मागायचा हक्क आहे. ती लखोट्यात बाजूला राहते आणि पात्रता तपासून मोजली जाते. सोबत आपले मत मोजले गेले का, हे विनामूल्य कसे पाहायचे याची लेखी माहिती मिळते, ती टाकून देऊ नये. ओळखपत्र नंतर दाखवायचे असेल तर त्याला थोड्याच दिवसांची मुदत असते, ती तिथेच विचारून घ्यावी. चुकीच्या केंद्रावर दिलेली तात्पुरती मतपत्रिका काही राज्यांत पूर्ण बाद होते, म्हणून आधी केंद्र बरोबर आहे ना ते विचारावे. टपाली मत असेल तर सही जुळली नाही म्हणून ते अडू शकते. बऱ्याच राज्यांत सही दुरुस्त करायला संधी देतात, पण त्यासाठी नोंदणीवर चालू फोन किंवा ईमेल हवा.

दूरदेशी

निकालाच्या रात्री काउंटीचे संकेतस्थळ हॅक झाले तर?

शाईपट्टी

ते नुसते फलकासारखे असते. मे २०१८ मध्ये टेनेसीतील नॉक्स काउंटीचे निकालाचे पान मतदानाच्या रात्रीच पाडले गेले आणि सुमारे तासभर बंद होते. मतांना धक्का लागला नाही, कारण मोजणीची यंत्रे त्या सर्व्हरवर नव्हती. त्या रात्रीचे आकडे कुठल्याच राज्यात अधिकृत नसतात. पुढच्या दिवसांत प्रत्येक केंद्राची सही केलेली पट्टी, वाटलेल्या आणि परत आलेल्या मतपत्रिका आणि मतदारांच्या सह्यांची संख्या एकमेकांशी जुळवतात, मग प्रमाणपत्र निघते. ही जुळवणी बहुतेक ठिकाणी खुली असते. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला फोन करून तारीख विचारावी आणि जाऊन बसावे.